मृताच्या घरच्यांबद्दलची अफवा खोडायची कशी (त्यांना अजून न दुखावता)

एखादा माणूस वादात मरतो. गोळीबारात, मोर्चात, पोलिसांच्या ताब्यात, नाहीतर नाव मोठं असेल तर स्वतःच्या घरात सुद्धा. पहिले दोनचार तास सगळे हळहळतात आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी टाकतंच की बायको कॅमेऱ्यासमोर हसत होती, भावाने पैसे घेतलेत, आईबाप आधीपासूनच तसले. मग आपल्यासारख्यांचं डोकं फिरतं आणि आपण उत्तर टाईप करायला बसतो.

मी पण बसलो होतो. ओळखीतल्या एका घराबद्दल भलतंसलतं फिरत होतं, मी त्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढला, त्यावर मोठी लाल फुली मारली आणि चार ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी तोच स्क्रीनशॉट पाचव्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला, फुली क्रॉप करून. करायला गेलो गणपती झाला मारुती. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी हे बघा की घरच्यांना काय हवंय. त्यांनी काही निवेदन दिलंय का, त्यांचा वकील किंवा कुणी नातेवाईक त्यांच्या वतीने बोलतोय का. असेल तर तेच वापरा, शब्द न बदलता, कारण आपण सोप्या भाषेत सांगायला जातो आणि ध चा मा होतो. ओळख असेल तर त्या घराशी थोडं लांबून जोडलेल्या एकाच माणसाला विचारा, "हे फिरतंय, मी बोलू की गप्प बसू?" डायरेक्ट आईला किंवा बायकोला अफवेची लिंक पाठवून "हे खरंय का हो" असं विचारू नका, प्लीज. त्यांनी ती पाहिली नसेल तर आता तुमच्यामुळे पाहिली. आणि अजिबात ओळख नसेल तर मेसेज करायचाच नाही, त्यांच्या इनबॉक्समध्ये तसेही शेकडो अनोळखी लोक घुसलेले असतात.

दुसरं, प्रत्येक अफवेला उत्तर लागत नाही. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या बारा लाईकवाल्या पोस्टला तुम्ही रागाने शेअर केलंत तर तिला पाय तुम्हीच फोडलेत. माझा नियम साधा आहे, ती माझ्या ओळखीच्या माणसांपर्यंत आली असेल किंवा त्यातून घरच्यांना धोका असेल (पत्ता, फोन नंबर, मुलांची शाळा) तरच हात घालायचा. बाकी रिपोर्ट करून पुढे. उशीर मात्र करू नका. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या जवळपास १ लाख २६ हजार बातम्या तपासलेला एक अभ्यास २०१८ मध्ये सायन्स नियतकालिकात आला होता, त्यात खरी गोष्ट १५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीपेक्षा साधारण सहापट वेळ लागत होता. म्हणजे आपण मुळातच मागे असतो.

आता तपासणं. अफवेचे तुकडे करा, कारण एका पोस्टमध्ये तीनचार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. "अंत्यविधीला हसत होते आणि दुसऱ्याच दिवशी पैसे गोळा करायला लागले" यात एक क्लिप आहे, एक पैशाचा दावा आहे आणि एक टोमणा आहे. क्लिप तपासता येते, पैशाचा दावा बहुतेक वेळा तपासता येतो, टोमणा तपासता येत नाही, तो सोडून द्या, त्याच्याशी भांडलात तर रात्र जाते. फोटो असेल तर गुगल लेन्स किंवा टिनआय वर टाका (फोटोवरून तो आधी कुठे आलाय ते शोधतात), बऱ्याचदा तो दुसऱ्याच घटनेचा जुना फोटो निघतो. व्हिडिओ असेल तर दोनतीन ठिकाणी थांबवून त्या फ्रेमचे स्क्रीनशॉट शोधा आणि मूळ पूर्ण व्हिडिओ मिळतो का बघा, कारण अर्ध्या सेकंदाची फ्रेम गोठवली की रडणारा माणूस पण हसताना दिसतो. पैशाच्या लिंकचं वेगळंच असतं, घरच्यांच्या नावाने तिसराच कुणीतरी अकाऊंट उघडून बसलेला असतो. ते पान कुणी आणि कधी सुरू केलं आणि घरच्यांनी स्वतः त्याचा उल्लेख कुठे केलाय का हे बघायचं. मृताच्या किंवा भावंडांच्या नावाने काढलेली नवी प्रोफाईल पण तशीच, जुन्या पोस्ट नाहीत आणि अकाऊंट परवाचं.

आणि "तपास सुरू आहे, अजून निष्कर्ष नाही" हे सुद्धा एक उत्तर आहे, पुरेसं उत्तर आहे. पहिल्या दिवसाच्या बातम्या बदलतात, त्यामुळे तुमच्या बाजूची माहिती सुद्धा त्याच कडकपणे तपासा. अफवेत थोडं तथ्य असेल तर तेवढं मान्य करा. लपवलंत आणि नंतर बाहेर आलं तर तुमची बाकीची खरी वाक्यं पण गेली, आणि वर घरच्यांवरच आळ की यांनीच लपवायला सांगितलं असेल.

लिहिताना खरं आधी लिहा. अफवा एकदाच आणि तिच्या आधीच ती खोटी आहे असं सांगून, मग ती कशी खोटी ते एका ओळीत, मग परत खरं. सँडविचसारखं. तीच गोष्ट वारंवार कानावर पडली की खरी वाटायला लागते हे १९७७ पासून प्रयोगांमध्ये दिसलेलं आहे, म्हणून "हे खोटं आहे की अमुकने तमुक केलं" असं दहादा लिहिलं तर लोकांच्या डोक्यात अमुक आणि तमुकच उरतं. मी साधारण असं लिहितो: "फिरत असलेली क्लिप या अंत्यविधीची नाही, दोन वर्षांपूर्वीच्या वेगळ्या कार्यक्रमाची आहे. कुटुंबाबद्दल त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. मूळ व्हिडिओची लिंक देतोय, कृपया पुढे पाठवू नका आणि पाठवली असेल तर डिलीट करा." संपलं. मूर्ख, निर्लज्ज वगैरे काही नाही. स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर फुली कोपऱ्यात नको, मजकुरावर आडवं "खोटं" असं लिहा म्हणजे क्रॉप करून पण निघणार नाही, आणि घरच्यांचे चेहरे झाका.

आता ज्यासाठी मुळात लिहायला घेतलं तो मुद्दा. अफवा खोडताना घरच्यांची अजून एक खाजगी गोष्ट बाहेर काढू नका. हा मोह फार मोठा असतो, कारण आपल्याला खरं कारण माहीत असतं आणि ते सांगितलं की समोरच्याचं तोंड बंद होईल असं वाटतं. इंग्लंडमध्ये २०२३ च्या जानेवारीत एक बाई नदीकाठी फिरायला गेली आणि परत आली नाही. हौशी डिटेक्टिव्ह लोक मोबाईल घेऊन गावात पोचले, तिच्या जोडीदारावर संशय घेऊन मोकळे झाले. या सगळ्या चर्चेत लँकशायर पोलिसांनी तिच्या तब्येतीची खाजगी माहितीच जाहीर करून टाकली. जूनमध्ये चौकशीतून निष्पन्न झालं की ती अपघाताने बुडाली होती, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या अहवालात म्हटलं की ती माहिती देणं टाळता आलं असतं, गरजही नव्हती. हे पोलिसांचं झालं, आपण तर कोण. ती माहिती काय होती ते मी पण इथे लिहीत नाही, तुम्ही पण शोधत बसू नका.

म्हणून "बायको रडली नाही कारण ती औषधांवर होती" असं उत्तर द्यायचं नाही, खरं असलं तरी. माणसं दुःखात हसतात, गप्प होतात, ऑफिसला जातात, त्यावरून सुतावरून स्वर्ग गाठता येत नाही, एवढंच बोलायचं. घरच्यांना संत करायला पण जाऊ नका. "किती सज्जन कुटुंब आहे" म्हटलं की कुणीतरी दहा वर्षांपूर्वीचं भांडण शोधून आणणारच. आणि मृत्यू कसा झाला, चूक कुणाची, ही चर्चा वेगळी ठेवा. गेलेला माणूस तुम्हाला अजिबात पटत नसला तरी त्याच्या बहिणीबद्दलचं खोटं हे खोटंच असतं. उलट अशा वेळी तुमचं बोलणं लोक जास्त ऐकतात, कारण तुम्ही त्या बाजूचे नसता.

ओळखीच्या माणसाने फॉरवर्ड केलं असेल तर आधी पर्सनलवर सांगा, शक्यतो फोन करा. "काका, हे कुठून आलं तुमच्याकडे?" एवढं विचारलं तरी निम्मे लोक स्वतःच काढून टाकतात. चारचौघांत पकडलं की माणूस अडून बसतो. ग्रुपवर अॅडमिन असाल तर एक दुरुस्ती टाका, पिन करा आणि त्या विषयावरच्या कमेंट बंद करा.

रिपोर्ट करण्याआधी पुरावा ठेवा, कारण पोस्ट उडाली की पुरावा पण उडतो. पूर्ण लिंक, तारीख, वेळ, अकाऊंटचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट आणि जमलं तर वेबॅक मशीनवर (वेब पानांच्या प्रती जपून ठेवणारी साईट) कॉपी. हे घरच्यांच्या वकिलाकडे किंवा प्रतिनिधीकडे द्यायचं, स्वतः जगाला दाखवत फिरायचं नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, आणि वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की हे आईबाप नाटकी आहेत, मुलं मेलीच नाहीत. तिथल्या एका बापाला धमक्यांमुळे कितीदा तरी घर बदलावं लागलं. त्याने एक वेगळी वाट काढली, मुलाच्या फोटोंवरचा कॉपीराईट घरच्यांचा होता म्हणून त्यावर तक्रारी करून कितीतरी व्हिडिओ खाली उतरवले, आणि २०१४ मध्ये ऑनर नेटवर्क नावाची संस्था काढली. पण कॉपीराईटची तक्रार हक्क असलेल्यानेच करायची असते, तुम्ही त्यांना फक्त लिंका शोधून देऊ शकता. त्याच बापाला धमकावणाऱ्या एका बाईला २०१७ मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. अफवा चालवणाऱ्या अॅलेक्स जोन्सवर कनेक्टिकटच्या ज्युरीने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ९६.५ कोटी डॉलरची भरपाई बसवली, घटनेला तोवर दहा वर्षं होत आली होती. धमकी किंवा पत्ता फोडणं दिसलं तर मात्र वाद घालत बसू नका, रिपोर्ट करा आणि घरच्यांच्या माणसाला कळवा, पोलिसात जायचं की नाही ते ठरवतील.

तुमची स्वतःची दुरुस्ती चुकली तर गुपचूप डिलीट करू नका, त्याच जागी "आधी मी असं लिहिलं होतं, ते चूक होतं" असं लिहा. लोक हसतील थोडं.

आणि तो दुरुस्तीचा मजकूर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, लिंकांसकट. वर्षश्राद्धाच्या आसपास, कोर्टाची तारीख लागली की, दुसरीकडे तसलीच घटना घडली की तीच क्लिप परत येते, आणि त्या दिवशी नव्याने शोधत बसायचा वेळ नसतो. माझ्याकडे त्या घराबद्दलची सहा ओळींची नोट अजून आहे, शेवटची गेल्या महिन्यात पेस्ट केली.