बाळाचा कान जन्मतः अर्धवट असेल तर आधी काय करायचं

कानाच्या जागी शेंगदाण्याएवढा मांसाचा गोळा आणि भोकच नाही, असं बाळ झालं की घरात पहिला प्रश्न येतो प्लास्टिक सर्जरी कधी करायची, आणि दुसरा सुनेला, ग्रहणात काही चिरलंस का गं? ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, तिला सोडा. याला मायक्रोशिया म्हणतात, साधारण ५ ते १० हजारात एका बाळाला होतो, बहुधा एकाच बाजूला आणि त्यातही उजवीकडे जास्त, नेमकं कारण बऱ्याचदा सापडतच नाही.

सर्जरीला वेळ आहे, घाई ऐकण्याची करा. पहिल्या काही महिन्यांतच बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) करून घ्या, दोन्ही कानांची, म्हणजे जो कान चांगला दिसतोय त्याचीपण, कारण सगळी भिस्त त्याच्यावरच आहे. टेस्ट बाळ झोपल्यावर होते, म्हणून जाताना गाडीत झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर पोटभर दूध पाजा. आतला कान बहुतेकदा ठीक असतो, फक्त आवाज आत जायची वाट बंद असते, त्यामुळे हाडातून आवाज पोचवणारं मशीन कामाला येतं, बाळांना ते मऊ पट्ट्यावर डोक्याला बांधतात. दोन्ही बाजू बंद असतील तर यात अजिबात चालढकल नको, बोलणं मागे पडतं. एकच बाजू असेल तरी चांगल्या कानात तेल वगैरे घालायचं नाही, सर्दीत तो दुखला तर लगेच दाखवायचं, आणि शाळेत तो कान बाईंकडे येईल असं बसवायला सांगायचं.

किडनीची सोनोग्राफी आणि जबडा डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, कधीकधी तिथेही फरक असतो.

बरगडीच्या कूर्चेपासून (हाडासारखा पण लवचिक भाग) नवीन कान बनवतात तो साधारण ६ ते १० वर्षांच्या दरम्यान, कारण तेवढी कूर्चा आधी मिळतच नाही. त्याने कान दिसतो, ऐकू येणं वाढत नाही, हे सर्जनकडे जायच्या आधीच डोक्यात पक्कं असू द्या.

कान पूर्ण आहे पण नुसता मुडपलाय, तर गोष्ट वेगळी. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे सुरुवातीला कूर्चा मऊ असते, त्यामुळे पहिल्या २-३ आठवड्यांत साचा लावला तर बऱ्याचदा ऑपरेशनच टळतं. घरी चिकटपट्टी लावत बसू नका, आणि सव्वा महिना झाल्यावर बघू असंही म्हणू नका.