रविवर्म्याच्या चित्रातली साडी बघायची तर

बडोद्याला पाहुणे आले की लक्ष्मीविलास पॅलेस दाखवायचा, सूरसागरापाशी फोटो काढायचे आणि सेवउसळ खाऊ घालून गाडीत बसवून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पॅलेसच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम बहुतेकजण घाईघाईत उरकतात. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रं मुद्दाम करवून घेतली, त्याची मूळ तैलचित्रं इथे आहेत, आणि लोक चहाची वेळ झाली म्हणून निघतात!

तुम्ही एकच चित्र निवडा. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी १८९६ची सरस्वती सुचवते. साडी पांढरी, त्यामुळे रंगाला भुलायची सोय नाही. चेहरा सोडा, तो कॅलेंडरवर जन्मभर बघितलाय. खालून सुरुवात करा: काठ, निऱ्या, गुडघ्यावर कापड कुठे ताणलंय ते, आणि शेवटी पदर. पांढऱ्या साडीत निव्वळ पांढरं किती थोडं आहे बघा. जरीत तर सोनं नसतंच. उजेडात फिकट पिवळा, सावलीत तपकिरी, एवढ्यावर काम भागतं.

मोबाईल पर्समध्ये, हातात पेन्सिल. काठ घडीत कुठे बुडतो आणि कुठे परत वर येतो, तेवढीच रेघ काढा. काठाची वळणं जमली की आतलं शरीर आपोआप बसतं. नाक-डोळे काढत बसलात तर सगळा वेळ त्यातच जाईल.

घरी आल्यावर कपाट उघडा. एक चंदेरी आणि एक जॉर्जेट, दोन्ही खिडकीजवळच्या खुर्चीवर टाका आणि पुन्हा तीच रेघ. चंदेरीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कच्चं रेशीम असतं, त्यातला नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, म्हणून ती अंगासरशी न बसता थोडी फुगून राहते. जॉर्जेट सरळ ओघळते. हे एकदा हाताला कळलं की दुकानदार काय सांगतो त्याकडे फारसं लक्ष द्यावं लागत नाही. (माझी जाऊ म्हणते, साठी उलटल्यावर हे काय नवं खूळ. तिला म्हटलं, तुझी चंदेरी दे जरा.)

मग सिनेमा. दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या. फाळक्यांच्या मूकपटांतलं जे थोडंफार उरलंय ते बघताना गोष्ट बाजूला ठेवा. बसताना, वाकताना, वळताना पदराचं काय होतं तेवढंच बघा. आवाज नसल्यानं लक्षही दुसरीकडे जात नाही. हल्लीचा सिनेमा असेल तर टीव्ही म्यूट करा.

फाइन आर्ट्सच्या मुलांनी काम मांडलं असेल तर जरूर जा आणि बेधडक विचारा. आपल्या नातवंडांपेक्षा ती पोरं जास्त उत्साहानं सांगतात.

आजोळच्या भिंतीवर रविवर्मा छापखान्याचं जुनं चित्र असेल तर तेही जवळून बघा. त्या काळी काही घरांत छापील देवीच्या साडीवर खरी जर, टिकल्या, कापड चिकटवायची हौस होती. तसं काही सापडलं तर ओला फडका मुळीच लावू नका, चौकटही घरी उघडू नका. बाहेरून काच कोरड्या कपड्यानं पुसा आणि ऊन लागत नाही अशा भिंतीवर हलवा.