वंशावळीच्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका अद्ययावत ठेवण्यापूर्वीची तयारी

वंशावळीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मार्गदर्शिकेत नव्या सोयींचे एक प्रकरण जोडायचे, मुखपृष्ठावरचा आकडा बदलायचा आणि काम झाले असे मानायचे, हा सर्वसाधारण प्रघात आहे. नव्या सोयींचे प्रकरण सहसा बरोबर असते, कारण ते ताजे लिहिलेले असते. शिळी होतात ती बाकीची पाने, जी कोणी उघडूनच पाहिलेली नसतात. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात आम्ही ग्रॅम्प्स हे वंशावळीचे सॉफ्टवेअर शिकवण्याचा वर्ग घेतला, तेव्हा पहिल्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक छापील पुस्तिकेतल्या चित्रावर बोट ठेवून बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "सर, तुमच्या पुस्तकात हे बटण डावीकडे आहे. माझ्याकडे ते वर गेलंय, की मीच चुकीचं काही उघडलंय?" चूक पुस्तिकेची, म्हणजे माझी होती; ते पान मी तीन आवृत्त्यांपासून तसेच पुढे ढकलत आलो होतो. खालची तयारी त्या वर्गानंतर हळूहळू जमली आहे.

सर्वप्रथम वाचक कोणत्या आवृत्तीवर आहेत, हे विचारून लिहून ठेवावे. ग्रॅम्प्सची 6.0 ही आवृत्ती 2025 मध्ये आली. पण घरातल्या जुन्या संगणकावर 5.1 किंवा 5.2 वापरणारे अनेक जण असतात आणि त्यांना बदलण्याचे काही कारणही नसते. म्हणून जुनी पुस्तिका पुसून तिच्यावर नवी लिहू नये. ग्रॅम्प्सच्या मूळ इंग्रजी मार्गदर्शिकेत प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी पानांचा स्वतंत्र संच ठेवलेला असतो, तीच पद्धत आपण घ्यावी आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ते पान कोणत्या आवृत्तीवर व कोणत्या तारखेला पडताळले, हे नोंदवावे. मुखपृष्ठावरच्या आकड्यापेक्षा ही तळाची ओळ अधिक उपयोगाची ठरते, कारण न पडताळलेले पान त्यावरून लगेच ओळखू येते.

त्यानंतर राखीव प्रतींची सोय करावी. जुन्या आवृत्तीत तयार केलेली माहिती नव्या आवृत्तीत उघडली की तिचे रूपांतर होते आणि ती पुन्हा जुन्या आवृत्तीत उघडता येत नाही. तेव्हा आधी एक्सएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपात राखीव प्रत काढून ठेवावी, शक्य असल्यास नवी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर बसवावी आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून काम करावे. पुस्तिकेतही ही सूचना आवृत्ती बदलण्याच्या पानावर अगदी पहिल्या ओळीत हवी. आमच्याकडे ती तिसऱ्या परिच्छेदात होती आणि तिथवर पोहोचेपर्यंत वाचकाने बटण दाबलेले असे.

पुस्तिका युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरांसाठी चालणाऱ्या सामाईक संकेतात आणावी. तसे केल्याशिवाय एखाद्या बटणाचे नाव कोणकोणत्या पानांवर आले आहे, हे शोधता येत नाही.

तयारीचा सर्वांत मोठा भाग म्हणजे नमुना कुटुंब, आणि यावर घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही. सॉफ्टवेअरसोबत मिळणारे नमुन्याचे कुटुंब पाश्चात्त्य घडणीचे असते. त्यावर काढलेली चित्रे स्वच्छ दिसतात, पण आपल्या वाचकाची अडचण त्यांत येतच नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत नांदतात. गिरण्या आणि हातमागाच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची आडनावे शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे, मिलच्या हजेरीपत्रकात दुसऱ्या प्रकारे आणि रेशनकार्डावर तिसऱ्या प्रकारे लिहिलेली आढळतात. तेव्हा पाच-सहा पिढ्यांचे एक पूर्णपणे कल्पित कुटुंब स्वतः रचावे आणि त्यात या सगळ्या गाठी हेतुपुरस्सर घालाव्यात. आडनावाची तीन रूपे असलेला एक आजोबा असावा. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदललेली एक आजी असावी. दत्तक गेलेला एक मुलगा असावा, ज्याचे जन्मदाते आणि दत्तक घेणारे आईवडील दोघेही नोंदवलेले असतील. आणि मामाच्या मुलीशी झालेले एक लग्न असावे, कारण अशा घरातल्या मुलांचा एकच पणजोबा आलेखात दोन ठिकाणी दिसतो आणि ते पाहून प्रत्येक नवा वाचक आपली नोंद दुबार झाली असे समजतो. त्या आलेखाखाली ही नोंद दुबार नाही, हे सांगणारी एक ओळ घातली, तर निम्म्या शंका तिथेच मिटतात.

मधल्या नावाचा निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रचना. सॉफ्टवेअरमध्ये मात्र दिलेले नाव आणि आडनाव हेच दोन मुख्य रकाने असतात. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात जोडून लिहिता येते किंवा ग्रॅम्प्समध्ये पितृनाम या प्रकारचे आणखी एक आडनाव म्हणूनही नोंदवता येते. दोन्ही मार्ग चालतात, परंतु पुस्तिकेने एकच मार्ग धरावा. माझा कौल पहिल्या मार्गाला आहे, कारण माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना त्यात गोंधळ कमी होतो. एकदा ठरले की बदलू नये. हा निर्णय मध्येच फिरवला, तर जवळजवळ प्रत्येक चित्र नव्याने घ्यावे लागते.

तारखांच्या पानाची तपासणी वेगळी ठेवावी. ग्रॅम्प्समध्ये ग्रेगोरियन आणि ज्युलियनखेरीज हिब्रू, इस्लामी, पर्शियन अशा दिनदर्शिका आहेत, शालिवाहन शकाची मात्र नाही. त्यामुळे जुन्या पत्रिकेतली तिथी वाचकाला स्वतः रूपांतरित करून लिहावी लागते आणि मूळ तिथी टिपणीत ठेवावी लागते. पुस्तिकेत यासाठी "शकात 78 मिळवा" एवढेच लिहिलेले असेल, तर ते अपुरे आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. सोलापूरकरांसाठी याचे उदाहरण शोधावे लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली तो दिवस 12 जानेवारी 1931, म्हणजे शके 1852. इथे 78 मिळवले, तर उत्तर 1930 येते आणि चूक कोणाच्याही ध्यानात येते. याच पानावर 1 जूनचाही उल्लेख हवा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली ही जन्मतारीख घरोघरी सापडते. ती नक्की तारीख म्हणून न भरता "अंदाजे" या खुणेसह कशी भरावी आणि दाखल्याचा संदर्भ कसा जोडावा, हे चित्रासह दाखवावे.

गावांच्या नावांसाठीही तयारी लागते. उस्मानाबादचे धाराशिव 2023 मध्ये झाले, अक्कलकोट 1948 पर्यंत संस्थान होते, आणि आपल्या शहराचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत "शोलापूर" असे येते. ग्रॅम्प्समध्ये एका ठिकाणाला काळानुसार वेगवेगळी नावे देता येतात. पुस्तिकेतले उदाहरण तुळजापूरचे घेतले, तर वाचकाला ते चटकन उमगते, कारण तिथले गाव तेच राहून जिल्ह्याचे नाव बदलले आहे.

चित्रे घेण्याआधी पडद्याचा आकार, अक्षरांचा आकार आणि सॉफ्टवेअरची भाषा एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवावी. चित्रांना पान क्रमांकाऐवजी विषयाचे नाव द्यावे, कारण पानांचे क्रमांक बदलतात. कोणाच्याही खऱ्या घराण्याचा पडदा चित्रात घेऊ नये. जिवंत माणसांची नावे आणि जन्मतारखा छापील पुस्तिकेतून पसरण्याचे काही कारण नाही, मग त्या घरच्यांनी हौसेने परवानगी दिलेली का असेना.

माहितीच्या देवाणघेवाणीचे प्रकरण वर्षातून एकदा तरी मुळापासून तपासावे. जेडकॉम हे या क्षेत्रातले सामाईक स्वरूप, त्याच्या 5.5.1 या आवृत्तीचा मसुदा 1999 चा आहे आणि 7.0 ही आवृत्ती 2021 मध्ये आली. आपले सॉफ्टवेअर कोणती आवृत्ती लिहिते आणि कोणती वाचते, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे पुस्तिकेत निरनिराळी द्यावीत. जुन्या स्वरूपात ओळीला 255 अक्षरांची मर्यादा असल्याने लांब टिपणी तोडली जाते. यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (संगणकातल्या साठवणीचे एकक) घेते, आणि एखादे सॉफ्टवेअर अक्षरांऐवजी बाइट मोजून ओळ तोडत असेल, तर तोड चिन्हाच्या मधोमध पडून त्या जागी चौकोन उमटतात. 7.0 मध्ये ही मर्यादाही नाही आणि तोडलेल्या ओळी जोडण्याची खूणही काढून टाकली आहे. परीक्षा म्हणून नमुना कुटुंबातल्या आजीच्या नोंदीत जोडाक्षरांनी भरलेली दीड पानाची टिपणी ठेवावी, ती बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी आणि शब्द न् शब्द ताडून पाहावा.

एवढे झाल्यावर पुस्तिका अशा माणसाच्या हाती द्यावी, ज्याने हे सॉफ्टवेअर कधी उघडलेले नाही. आपण शेजारी बसावे, पण बोलू नये. तो जिथे थांबेल, तिथे समासात पेन्सिलीने रेघ मारावी. मदत करण्याचा मोह आवरणे हेच यातले खरे कष्ट.

छापील प्रतींची यादी शेवटी करावी. कोणती प्रत कोणाच्या घरी आहे, कोणती वाचनालयात आहे आणि तिच्यात कोणती पाने बदलली आहेत, हे एका वहीत लिहावे. संपूर्ण पुस्तिका पुन्हा छापण्याऐवजी बदललेल्या मजकुराच्या पट्ट्या छापून त्या जुन्या परिच्छेदावर चिकटवायला द्याव्यात. त्या शिक्षकांच्या प्रतीत अशा चार पट्ट्या आहेत, आणि पाचवी त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून आमच्याआधीच लावली आहे.