कल्ले बघता येतात का?

दिवाळे गावातल्या आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी ऑस्ट्रेलियात रावसांची डॉक्टरीण होते. यात दोन चुका आहेत. बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणत असले तरी त्याचं सॅमनशी काही नातं नाही. आणि मी डॉक्टर नाही. मत्स्यशास्त्राकडे वळणाऱ्यांनी ही दुसरी गोष्ट आधीच समजून घ्यावी. औषध लिहून देण्याचा अधिकार तिथे पशुवैद्यकाला असतो, आपण लागतो फिश हेल्थ टेक्निशियन म्हणून. म्हणजे पहाटेची बोट, ओले हातमोजे आणि दिवसभर माशांचे कल्ले.

रत्नागिरीला बी.एफ.एस्सी., वर्सोव्याला एम.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राच्या पदव्या) आणि मग टास्मानियातल्या एका सॅमन फार्मवर नोकरी, असा माझा रस्ता. अर्ज, व्हिसा वगैरेंची माहिती कुठेही मिळेल. मी कामाबद्दल सांगते.

समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या सॅमनला तिथे अमिबिक गिल डिसीज, म्हणजे अमिबामुळे होणारा कल्ल्यांचा रोग, गाठतो. सगळे त्याला एजीडीच म्हणतात. टास्मानियात तो १९८०च्या दशकाच्या मध्यापासून माहीत आहे, पण गुन्हेगार नेमका कोणता अमिबा, हे २००७ साली ठरलं. कल्ल्यांवर अमिबा बसतो, पेशी वाढून पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटतात, वर पांढुरका बुळबुळीत थर धरतो आणि मासा धापा टाकू लागतो. पाणी खारट आणि कोमट असलं की त्याचं फावतं.

उपाय ऐकून घरचे हसले होते. गोडं पाणी! पिंजऱ्यातले मासे ताडपत्रीच्या प्रचंड पिशवीत किंवा वेलबोटीच्या (जिवंत मासे वाहणाऱ्या बोटीच्या) टाक्यांत घ्यायचे आणि ऑक्सिजन सोडत दोन ते चार तास गोड्या पाण्यात ठेवायचे. सॅमन जन्मतोच नदीत, त्याला ते चालतं. खाऱ्या पाण्यातला अमिबा मात्र पाणी शोषून फुगतो आणि मरतो. नॉर्वे-स्कॉटलंडकडे हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरतात, पण पाणी गरम असलं की ते माशाच्याच जिवावर उठतं.

अडचण पुढे आहे. सगळे अमिबा मरत नाहीत, समुद्रात नवे असतातच, आणि उन्हाळ्यात काही आठवड्यांत पुन्हा पहिले पाढे. लवकर आंघोळ घातली तर बोट, पाणी, माणसं फुकट जातात. उशीर केला तर दमलेले मासे आंघोळीतच मरतात. म्हणून सगळी मदार 'गिल स्कोअर'वर. दर पिंजऱ्यातले थोडे मासे काढायचे, गुंगी द्यायची (औषध लवंगतेलाच्या भाऊबंदांतलं, वासावरून दाढदुखी आठवते), अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलायचं आणि पांढरे डाग बघून ० ते ५ मधला आकडा बोलायचा. एका बाजूला कल्ल्यांच्या चार कमानी, प्रत्येकीच्या दोन्ही बाजू. म्हणजे एका माशाचे सोळा पृष्ठभाग, तेही मासा पाण्याबाहेर असताना, भराभर.

झाकण उचलायची सवय मला होतीच. दिवाळ्याच्या बाजारात मावशी "लाल हाय ना? मग ताजा" म्हणत अगदी तसंच उचलते. त्या भरवशावर पहिल्या महिन्यात मी एका पिंजऱ्याला धडाधड ३ देत सुटले. सुपरवायझरने तेच मासे पुन्हा बघितले, कल्ल्यांचा चिकटा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अमिबा जवळजवळ नव्हतेच. ते जुने व्रण होते. जेलीफिशचा डंखही असेच डाग पाडतो. कान लाल झाले माझे, पण ओरडा बसला नाही. पुढचे दोन आठवडे माझा आकडा कागदावर यायच्या आधी दुसरं कोणीतरी तो तपासत होतं.

तेव्हा कॉलेजात असतानाच कल्ल्यांच्या ओल्या स्लाइड्स भरपूर बघा. निरोगी माशांच्या जास्त बघा, सगळे नेमकं तेच टाळतात. पीसीआर, म्हणजे डीएनएवरून रोगजंतू ओळखायची चाचणी, समजून घ्या. आणि बोट लागते का, हे फॉर्म भरायच्या आधी तपासा. मला लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाऊन खात्री केली होती, तरी गेले.

परत आल्यावर सॅमन नाही, पण जिताडा आहे. त्याच्या कल्ल्यांवर अमिबाऐवजी बारीक कृमी चिकटतात, आणि तिथेही गोड्या पाण्याची बुडी कामी येते. पनवेलकडच्या एका तलाववाल्या काकांचा गेल्या पावसाळ्यात फोन आला, "मासे वर येऊन तोंड मारतात, काय टाकू?" म्हटलं, काका, काही टाकू नका. आधी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, मग एक जिवंत मासा धरा आणि झाकण उचलून कल्ल्यांचा फोटो पाठवा. त्यांनी पाठवला तो मेलेल्या माशाचा, बर्फातला. पांढराफटक. मेल्यावर सगळ्यांचेच कल्ले तसे होतात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून मीच एसटीने गेले.