मोठ्या कंपनीच्या वह्यांत प्राप्तिकर कसा मांडावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतील एखाद्या मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात नव्याने रुजू झालेला बी.कॉम. पदवीधर पहिल्याच मार्चअखेरीस बुचकळ्यात पडतो. वर्षभरात बँकेतून कर म्हणून गेलेली रक्कम एक असते, विवरणपत्रातील कर दुसराच असतो आणि नफा-तोटा पत्रकात छापलेला करखर्च तिसराच. हे तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात. ते एकमेकांशी कसे जुळवायचे, हे येथे एका काल्पनिक टॉवेल कारखान्याच्या उदाहरणावरून सांगतो.

प्रथम कंपनीला कोणते लेखामानक लागू आहे ते पाहावे. मुख्य शेअर बाजारात नोंदलेल्या, तसेच नोंदलेल्या नसूनही २५० कोटी रुपये किंवा अधिक नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) असलेल्या उत्पादक कंपन्यांना प्राप्तिकराविषयीचे मानक इंड-एएस १२ लागू होते. त्याहून लहान कंपन्या एएस २२ पाळतात. एएस २२ नफा-तोटा पत्रकातील फरकांवरून हिशेब करते, तर इंड-एएस १२ ताळेबंदावरून. म्हणून मोठ्या कंपनीत काम सुरू करताना ताळेबंदातील प्रत्येक मालमत्ता आणि प्रत्येक देणे एका तक्त्यात उतरवावे आणि त्यासमोर दोन रकाने आखावेत: वह्यांतील किंमत आणि प्राप्तिकराच्या दृष्टीने उरलेली किंमत. पुढचे सगळे काम या तक्त्यावर उभे राहते, आणि बहुतेक चुकाही याच तक्त्यात होतात.

यानंतर दर ठरवावा. १९६१ च्या कायद्यातील कलम ११५बीएए, म्हणजे कमी दराचा पर्याय, स्वीकारलेल्या कंपनीला २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार आणि या दोहोंच्या बेरजेवर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण २५.१६८ टक्के दर पडतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. हिशेबाची रीत मात्र तीच आहे.

आता उदाहरण घेऊ. कारखान्याचा करपूर्व नफा १०० कोटी रुपये आहे. १ एप्रिलला ६० कोटींचे नवे माग बसवून लगेच सुरू केले. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ प्रमाणे यंत्राचे आयुष्य १५ वर्षे आणि मोडीची किंमत ५ टक्के धरली, तर एका पाळीचा वार्षिक घसारा ३.८ कोटी होतो. पण टॉवेलचे माग एका पाळीत कुठे थांबतात? तीन पाळ्या चालल्या तर हाच घसारा दुप्पट, म्हणजे ७.६ कोटी धरावा लागतो. पाळ्यांची नोंद उत्पादन विभागाकडे असते आणि ती हिशेब विभागापर्यंत आपोआप येत नाही. ती मागून घ्यावी. प्राप्तिकर कायदा पाळ्या मोजत नाही. तो घटत्या किमतीवर सरळ १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ९ कोटी घसारा देतो.

वर्षअखेरीस मागांची वह्यांतील किंमत ५२.४ कोटी आणि करासाठीची किंमत ५१ कोटी उरते. या १.४ कोटींवरचा कर आज वाचला असला तरी तो पुढे भरावाच लागणार आहे, म्हणून २५.१६८ टक्क्यांनी ३५.२४ लाख रुपयांचे स्थगित कराचे देणे, म्हणजे डिफर्ड टॅक्स लायबिलिटी, उभे राहते. कर कायदा एकत्र धरतो त्या यंत्रांच्या समूहात नवी भर पडली नाही असे धरून पुढील वर्षांचे आकडेही मांडून पाहावेत. दुसऱ्या वर्षअखेर फरक १.४५ कोटी होतो, तिसऱ्या वर्षी सुमारे ३५ लाखांवर उतरतो आणि चौथ्या वर्षी उलटतो: करासाठीची किंमत वह्यांतील किमतीपेक्षा सुमारे १.७२ कोटींनी जास्त होते, आणि जे देणे होते ते येणे बनते. यंत्रे घेतली की स्थगित कराचे देणे वाढतच जाते, असे अनेकजण गृहीत धरतात. तीन पाळ्यांच्या कारखान्यात तो समज फार काळ टिकत नाही.

दुसरी बाब रजेच्या पगाराची. या कारखान्याने २ कोटींची तरतूद केली, पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ती रक्कम दिली नाही. कर कायदा ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी मान्य करतो, म्हणून ५०.३४ लाखांची स्थगित कर मत्ता तयार होते. ती दाखवण्याआधी पुढे पुरेसा करपात्र नफा होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त असावी लागते. तिसरी बाब सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीवरील खर्चाच्या, १.५ कोटींची. हा खर्च कर कायदा कधीच वजा देत नाही; हा फरक कायमचा असल्याने त्यावर स्थगित कर काढू नये.

आता बेरीज. १०० मधून १.४ वजा करून २ आणि १.५ मिळवले की करपात्र उत्पन्न १०२.१ कोटी, आणि चालू कर २५.७० कोटी. स्थगित कराची निव्वळ मत्ता १५.१० लाख, आरंभीची शिल्लक शून्य धरल्यास तेवढीच रक्कम नफा-तोटा पत्रकात जमा होते. एकूण करखर्च २५.५५ कोटी. ताळा असा घ्यावा: १०० अधिक सीएसआरचे १.५, म्हणजे १०१.५ कोटींना २५.१६८ टक्क्यांनी गुणले की हाच आकडा यायला हवा, कारण कायमचा फरक तेवढा एकच आहे. हा ताळा जुळला नाही, तर पत्रक ऑडिटरपुढे ठेवू नये.

सोलापूरच्या संदर्भात आणखी एक बाब तपासावी. रंगाई, शिलाई, खोके अशी कामे गावातील सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करून घेतली जातात. १९६१ च्या कायद्यातील कलम ४३बी(एच) नुसार त्यांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. ती दिल्याच्या वर्षी मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे देऊन हा खर्च वाचवण्याची सवलत येथे नाही. मी एका कंपनीत असताना ही यादी पुरवठादारांची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) न पाहताच केली होती, आणि ऑडिटच्या शेवटच्या आठवड्यात सगळी पुन्हा करावी लागली. नोंदणीचा क्रमांक पहिल्या बिलाबरोबरच मागून घ्यावा.

नोंदी सोप्या आहेत. चालू कर खर्च नावे, करतरतूद जमा. आगाऊ कर भरताना आगाऊ कर नावे, बँक जमा. आगाऊ कर १५ जूनपर्यंत १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के भरावा लागतो. ग्रॅच्युइटीच्या विमागणिती फेरमोजणीचा फरक इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, म्हणजे नफ्याच्या ओळीनंतरच्या वेगळ्या भागात, जातो, म्हणून त्यावरचा करही तिथेच न्यावा.

दर बदलला की जुन्या शिलकीही नव्या दराने मोजाव्या लागतात. २० सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने कलम ११५बीएएची सवलत आली, तेव्हा ३४.९४४ टक्क्यांवरून २५.१६८ टक्क्यांवर आलेल्या कंपन्यांची स्थगित कराची देणी घटली आणि नफा वाढला. ज्यांच्याकडे मत्ता होती त्यांना मात्र तोटा दिसला, आणि मॅटची (किमान पर्यायी कराची) शिल्लक जमाही सोडावी लागली.

तिमाही निकालासाठी संपूर्ण वर्षाचा अंदाजित प्रभावी दर काढून तो तिमाहीच्या नफ्याला लावावा. डिसेंबर तिमाहीचे हे काम नेमके गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत येते, म्हणून आकडेमोडीचा तक्ता संक्रांतीपूर्वीच तयार ठेवलेला बरा. पुढे विवरणपत्र भरताना, म्हणजे ऑडिट असलेल्या कंपनीने ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि परदेशी संबंधित कंपनीशी व्यवहार असल्यास ३० नोव्हेंबरपर्यंत, तरतूद आणि प्रत्यक्ष कर यांत थोडा फरक निघतोच. तो ज्या तिमाहीत कळला त्याच तिमाहीत ‘मागील वर्षांचा कर’ या स्वतंत्र ओळीत घ्यावा, आणि रजेच्या पगारासारख्या बाबींमुळे तो निघाला असेल तर स्थगित कराची उलट नोंदही त्याच दिवशी करावी.