नाडीवरचं एक मिनिट

नर्सिंगच्या सुरुवातीला श्वास मोजायला शिकवतात तेव्हा एक युक्ती सांगतात. नाडी मोजून झाली तरी मनगटावरचा हात काढायचा नाही, आणि नाडीच मोजतोय असं भासवत छातीकडे बघायचं. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून ही लपवाछपवी. मी 15 सेकंद मोजून चाराने गुणायचे. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20, तेव्हा न मोजताच 18 लिहून मोकळं होणारेही पाहिलेत. खरं सांगायचं तर गर्दीच्या ड्युटीत एकदोनदा मीही लिहिलंय.

एका सिनियर सिस्टरनी ही सवय मोडली. त्या पूर्ण मिनिट मोजायला लावायच्या. एका सकाळी ऑपरेशन झालेल्या एका काकांचा हात धरून मी अशीच उभी होते. तिसाव्या सेकंदाच्या आसपास ते म्हणाले, "सिस्टर, आज काहीतरी बरं वाटत नाही. काय ते सांगता येत नाही." ताप नव्हता, बीपी ठीक होतं. श्वास भरले 26. डॉक्टरांना बोलावलं, तर छातीत संसर्ग सुरू झालेला. तब्येत बिघडायला लागली की पुष्कळदा श्वासाचा वेगच आधी वाढतो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण घाईने हात सोडून पुढच्या बेडकडे वळले असते, तर ते वाक्य मला ऐकूच आलं नसतं.

नवीन मुली विचारतात, "आमचा स्वभावच मायाळू नाही, कसं जमणार?" मायाळू असलात तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. नर्सिंगच्या अभ्यासक हिल्डेगार्ड पेपलाउ यांनी 1952 मध्ये नर्स आणि पेशंटच्या नात्याचे टप्पे मांडले, तेव्हा सुरुवात दोन अनोळखी माणसांपासून केली. अशाच दुसऱ्या अभ्यासक सिमोन रोच यांनी काळजी घेण्यात काय काय येतं ते सांगताना करुणेच्या बरोबरीने कौशल्य धरलं. परीक्षेत हे लिहावं लागतंच. वॉर्डात त्याचा अर्थ इतकाच, की कितीही गोड बोललात आणि शीर चार वेळा चुकवलीत, तर पेशंट तुम्हाला बघून हात पांघरुणात घेणार.

गोड बोलण्यावरून आठवलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका बाईंनी मला विचारलं, "मी वाचेन ना?" मी पटकन म्हणाले, "असं बोलू नये, काही होत नाही." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, धीर आला. थोड्या वेळाने वॉर्डातल्या मावशी पाण्याचा जग भरायला गेल्या आणि सहज म्हणाल्या, "कशाची भीती वाटते हो?" तेव्हा कळलं की त्या बाईंना ऑपरेशनचं भय नव्हतंच. भुलीतून जागच आली नाही तर, ही धास्ती होती. भूलतज्ज्ञ येऊन दहा मिनिटं बोलले आणि त्या झोपल्या. माझं "काही होत नाही" हे उत्तर त्यांच्यापेक्षा माझ्याच सोयीचं होतं.

तसंच "येते हं" हे आपल्या तोंडातलं सगळ्यात फसवं वाक्य. त्यापेक्षा "इंजेक्शनं द्यायची आहेत, अर्ध्या तासाने येते" म्हणा. नाहीच जमलं तर तेवढं सांगायला तरी दारातून डोकवा. स्वतःचा नंबर देणं, पैशांची मदत, पेशंटचं घरगुती भांडण मिटवायला जाणं, यातलं काही करू नका. सुरुवातीला हे फार माणुसकीचं वाटतं. पण मग त्याच पेशंटला "नाही" म्हणायची वेळ येते.

आणि न आवडणारा पेशंट. यावर वर्गात कुणी फारसं बोलत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ होते, हात लावला की शिव्या. मी त्यांचं काम शेवटी ठेवायचे आणि चटकन उरकायचे. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलत होते, चार्टवरची नोंद खरी होती. एका दुपारी मोजा बदलताना उजवी टाच लाल दिसली. बोटाने दाबून सोडली, तरी पांढरी होईना. म्हणजे बेडसोरची, पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात. पांघरूण पायांपर्यंत उचललं की त्यांचा आवाज चढायचा, म्हणून दोन दिवस मी तिकडे बघितलंच नव्हतं.

इन-चार्ज सिस्टरना सांगितलं, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी दिली. त्यानंतर पांघरुणाला हात लावायच्या आधी सांगायला लागले, "आता टाच बघते, थंड लागेल." शिव्या चालू राहिल्या. पण चौथ्या दिवशी मी यायच्या आधीच त्यांनी पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवला होता.