कॅक्टस-सक्युलंट घरी आणायच्या आधी: बेळगावकडच्या लोकांसाठी तयारीची यादी

कॅक्टस आणि सक्युलंटचं (जाड पानाखोडात पाणी साठवणाऱ्या झाडांचं) कलेक्शन सुरू करायचं डोक्यात असेल तर यादीत झाड सगळ्यात शेवटी लिहा. बहुतेक जण उलटं करतात, नर्सरीत गोंडस दिसली म्हणून चार उचलायची, घरी आणून टीव्हीजवळ मांडायची आणि गणपती येईपर्यंत ती बुडातून मऊ होऊन आडवी झालेली असतात. आपल्याकडं कॅक्टस उन्हानं सहसा मरत नाही, पाण्यावाचून तर नाहीच नाही, तो मरतो जून ते सप्टेंबरात. म्हणून आधी छप्पर, मग माती, मग कुंडी, मग औषधाचा डबा आणि मग झाड.

पहिल्यांदा तुमचं गाव कुठल्या पट्ट्यात येतं ते बघा, कारण बेळगाव जिल्हा म्हटलं तरी हवा एक नाही. कणकुंबी, जांबोटी, खानापूरची पश्चिम बाजू म्हणजे घाटमाथा, मलप्रभा उगम पावते तो भाग, तिथं पाऊस धरला की आठवडाभर सूर्य दिसत नाही. अथणी-रायबागकडं हवा कोरडी, तिथल्या माणसाला उघड्या गच्चीवरसुद्धा बरंच काही जमून जातं. बेळगाव शहर, निपाणी, चिकोडी हे सगळं मधलं. त्यामुळं राजस्थान-दिल्लीकडच्या लोकांचे व्हिडिओ बघून पाण्याचं टाइमटेबल उचलू नका, तिकडची हवा वेगळी. आपली एक जमेची बाजू मात्र आहे, रात्रीचा गारवा. कॅक्टस अंगावरची बारीक छिद्रं दिवसा बंद ठेवतो आणि रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन साठवतो आणि दिवसा ऊन आलं की वापरतो, म्हणजे रात्र थंड असली की त्याचं पाणी कमी जातं आणि काम नीट चालतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, ते इथं कामी येतं बघा.

आता छप्पर, आणि निम्मं बजेट इथंच घाला असं माझं स्पष्ट मत आहे. गच्ची असेल तर वेल्डरकडून अँगलची साधी फ्रेम, उतार देऊन, आणि वर पारदर्शक पॉलीकार्बोनेट शीट किंवा पॉलीहाऊसला घालतात तो 200 मायक्रॉनचा यूव्ही कागद. चारी बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळला पाहिजे, नुसतं पाणी अडवून उपयोग नाही, कोंडलेल्या दमट हवेत पण बुरशी धरतेच. फ्रेम मात्र भिंतीला नाहीतर पॅरापेटला पक्की बोल्ट करा, वळवाचा वारा एप्रिल-मे मध्येच येतो आणि तो कुणाला विचारून येत नाही. ताडपत्री नको, उजेड जातो. हिरवी शेडनेट ही ऊन कमी करायची वस्तू आहे, पाऊस अडवायची नव्हे. ती 50 टक्क्यांची घ्या, मार्चअखेर ते जूनपर्यंत लावा आणि ढग आले की काढून ठेवा.

गच्ची नसेल तर बाल्कनी चालते पण दिशा बघा, आणि इथं एक गंमत आहे जी फार जणांच्या लक्षात येत नाही. आपण साधारण 16 अक्षांशावर आहोत, त्यामुळं मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेच्या बाल्कनीत मस्त आतपर्यंत येणारं ऊन पावसाळ्यात सज्जाच्या बाहेर जातं, आणि नेमकं तेव्हाच ढगाळ असतं. पूर्वेची बाल्कनी त्यातल्या त्यात बरी, सकाळचं चार तास ऊन मिळालं की बऱ्याच जातींचं भागतं. फक्त उत्तरेची गॅलरी असेल तर कॅक्टसचा हट्ट सोडा आणि हावर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लांट ह्यांचं कलेक्शन करा, तेही कलेक्शनच की ओ! शोकेसमध्ये, बाथरूममध्ये, ऑफिसच्या टेबलावर काहीच ठेवू नका, उजेड कमी पडला की गोल कॅक्टस शेंड्याला बारीक निमुळता होत जातो आणि तो आकार परत कधीच सुधारत नाही.

माती. काळी माती अजिबात नको, भिजली की चिकट आणि वाळली की भेगा, मुळं गुदमरून जातात. नुसती लाल माती पण नको, पावसाळ्यात ती बसून घट्ट होते. मी सुचवीन ते मिश्रण असं, दोन भाग बारीक खडी (2 ते 5 मिमी), एक भाग चाळलेली लाल माती, अर्धा भाग चांगलं कुजलेलं पानखत किंवा गांडूळखत. खडीसाठी ऑनलाइन प्युमिस-परलाइट (हलके, सच्छिद्र खडे) मागवायलाच पाहिजे असं काही नाही, आपल्या भागात वीटभट्ट्या आणि कौलांचे कारखाने असताना विटांचा चुरा, फुटकी कौलं फोडून केलेले तुकडे, जांभ्याचा बारीक चुरा हे सगळं चालतं. फक्त दोन चाळण्या लागतात, मोठीतून मोठे तुकडे काढायचे आणि बारकीतून धूळ, आणि ही धूळ काढायचा कंटाळा करू नका, तीच खाली जाऊन गाळ होते. एम-सँड (दगड फोडून केलेली बांधकामाची वाळू) वापरणार असाल तर धुऊन घ्या. गोव्याला गेल्यावर बीचवरची वाळू पिशवीत भरून आणायचा मोह काही जणांना होतो, त्यात मीठ असतं, नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) शक्यतो टाळा, एकदा भिजलं की बराच वेळ ओलंच राहतं. मिश्रण झालं की ओलं करून मूठ वळून बघा, लाडू झाला तर अजून खडी घाला.

कुंडीत पैसे घालू नका. पावसाळी हवेत मातीची कुंडी बरी कारण ती लवकर वाळते, खानापूरकडं कुंभारकाम जुनं आहे, खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं ट्रेनिंग सेंटरसुद्धा तिथं आहे, त्यामुळं साध्या लहान कुंड्या त्या बाजूनं मिळतात. झाडापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर रुंद एवढीच कुंडी, मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि सड तिथनंच सुरू होते. तळाला भोक पाहिजेच, भोकावर जाळीचा तुकडा. खाली खापऱ्यांचा थर द्यायची जुनी सवय सोडून द्या, त्यानं पाणी लवकर निघत नाही, उलट ओल वर सरकते.

किरकोळ सामान पटकन सांगतो: लांब चिमटा, थर्माकोलचे दोन तुकडे (काटेरी गोळा धरायला), जुने पेपर, बांबूची काडी, बारीक तोंडाची बाटली. काडी मातीत खुपसून दहा मिनिटांनी काढायची, ओलसर असेल तर पाणी नाही, संपला विषय. पाणी शक्यतो साठवलेलं पावसाचं, बोअरचं जड पाणी घातलं की झाडावर आणि कुंडीवर पांढरे डाग येतात.

औषधाच्या डब्यात स्पिरिट, कानात घालायचे कापसाचे बड, नीम तेल आणि 'साफ' बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम. मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण, काट्यांच्या बुडात पांढरा कापूस दिसला की बड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा. त्याला हलकं घेऊ नका. त्याच्याच जवळच्या कुळातला कोचिनील किडा 1926 मध्ये श्रीलंकेतनं आणून दक्षिण भारतात मुद्दाम सोडला होता आणि त्यानं शेतं गिळत चाललेला फड्या निवडुंग आटोक्यात आणला, मग तुमच्या कुंडीतल्या गोळ्याची काय कथा.

घरातल्या मोठ्यांशी बोलणं पण तयारीतच धरा, "काटेरी झाड घरात नको" हे वाक्य येणारच. तेव्हा त्यांना सांगा की रात्री फुलतं म्हणून शेजारपाजाऱ्यांना बोलावून ओवाळता ते कुंडीतलं ब्रह्मकमळ हा कॅक्टसच आहे, मेक्सिकोकडचा, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. बाजारातलं ड्रॅगन फ्रूट पण कॅक्टसचंच फळ. कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब ही सगळी सक्युलंट, म्हणजे कलेक्शन घरात आधीच सुरू झालंय, तुम्ही फक्त वाढवताय. (ब्रह्मकमळाला मात्र वरचे नियम लावू नका, ते मूळचं झाडांच्या फांद्यांवर राहणारं, त्याला सावली आणि पाऊस दोन्ही चालतं.) बांधावरचा त्रिधारी निवडुंग आणि शेर हे कॅक्टस नाहीत, युफोर्बिया ह्या वेगळ्याच गटातले आहेत, त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो, लहान मुलं असतील तर ते वर ठेवा. 'बनी इअर' नावानं जो कॅक्टस मिळतो त्याचे केसासारखे काटे बोटात गेले की चिकटपट्टी लावून ओढायचे, आणि मुलं असलेल्या घरात तो नकोच.

खरेदी दसरा-दिवाळीच्या सुमाराला करा, पाऊस गेलेला असतो, ऊन कडक नसतं, आणि पुढच्या जूनपर्यंत झाडाला मुळं धरायला भरपूर वेळ मिळतो. सुरुवातीला जिम्नोकॅलिशियम, मॅमिलेरिया, एकिनॉप्सिस, हावर्थिया, गॅस्टेरिया ह्यातली पाच-सहा बास. डोक्यावर लाल-पिवळा गोळा असलेला मून कॅक्टस घेऊ नका, त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, तो ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या खोडावर कलम करून जगवलेला असतो आणि काही वर्षांत जातो. लिथॉप्स (दगडासारखं दिसणारं बुटकं सक्युलंट) आपल्या पावसाळ्यात नवख्याच्या हातात टिकणं अवघड. कॅक्टसवर कागदासारखं कोरडं फूल दिसलं तर हळूच हलवून बघा, बऱ्याचदा ते ग्लूनं चिकटवलेलं असतं. बुडाशी बोटानं दाबून बघा, मऊ किंवा तपकिरी असेल तर फुकट दिला तरी नको. बाहेरच्या देशातनं सोशल मीडियावर मागवायच्या भानगडीत पडू नका, जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ साइट्स कराराखाली (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या परदेशी व्यापारावर बंधनं घालणारा करार) येतं, परमिट आणि रोपांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आणि चोर्ला-आंबोलीकडनं सेरोपेजियाचे (कंद असलेली रानटी फुलझाडं) कंद उकरून आणणाऱ्याकडून काही घेऊ नका, त्यातल्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीतच आहेत आणि मोजक्याच उरल्यात.

झाड घरी आलं की पहिल्या दिवशी पाणी नाही. बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवायचं, कुंडीतनं काढून जुनं कोकोपीट हलक्या हातानं झाडायचं, मुळांना पांढरी पावडर (म्हणजे मुळांवरचा पिठ्या ढेकूण) दिसते का बघायचं, सावलीत तीन-चार दिवस वाळू द्यायचं, मग कोरड्या मिश्रणात लावायचं आणि आठवडाभरानं पहिलं पाणी. ऊन रोज थोडं थोडं वाढवत न्या, नर्सरीच्या सावलीतनं थेट गच्चीवर ठेवलं तर पांढरा चट्टा पडतो आणि तो जन्मभर राहतो. नाव आणि लावल्याची तारीख प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलनं लिहा, मार्कर आपल्या उन्हात एका मोसमात उडतो, आणि पट्टी वर दिसेल अशी न खोचता कुंडीच्या कडेला मातीत खोल घाला, नाहीतर शेजारची पोरं ती ओढून दुसऱ्याच कुंडीत लावून जातात.